दसऱ्याला घासलेले प्लग

चालत्या गाडीचे प्लग बदलू नयेत, हे मला आता कळते. १९६१ साली कळत नव्हते. त्या साली मला इतर बऱ्याच गोष्टी कळत होत्या, आणि अडचण तीच होती.

गाडी डॉक्टर वामनरावांची. १९३६ सालची, काळी, इंग्रजी बनावटीची, चार सिलिंडरची, समोरून हँडल फिरवल्यावर चालू होणारी. पंचवीस वर्षे ती त्यांना घेऊन आधी बाळापूर, मग अकोला आणि शेवटी अमरावती जिल्ह्यातल्या गाडीवाटांनी रोग्यांकडे हिंडली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर एका संध्याकाळी त्यांनी राजापेठेतल्या विजेच्या खांबाला बाजूला होण्यासाठी तीनदा हॉर्न दिला, आणि खांब हलला नाही तेव्हा गाडी विकायचे ठरवले. गिऱ्हाइके पुष्कळ आली. गाडी त्यांनी मला दिली, कारण मी त्यांच्याच रस्त्यावर पाच घरे सोडून राहत होतो. ती डोळ्यांआड झाली तरी कानांआड होऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

सोबत एक अट होती. दसरा झाला की डॉक्टर मुलाकडे जबलपूरला कायमचे जाणार होते. त्याआधी त्यांना गाडीतून एकदा बाळापूरला नेऊन आणायचे. पहिला दवाखाना त्यांनी तिथे टाकला होता. गाडी घेतली त्या दिवशी नदीकाठच्या दगडी छत्रीपर्यंत ती चालवत नेली होती आणि शेजारी त्यांच्या पत्नी सुंदराबाई बसल्या होत्या. सुंदराबाईंना जाऊन आता सहा वर्षे झाली होती. डॉक्टरांना त्या दिवसांत समोर माणूस आहे एवढे कळे, कोण आहे ते आवाजावरून कळे. छत्री मोठी आहे, ती अजून दिसेल, असे ते म्हणाले. पुढच्या वर्षी दिसेल असे म्हणाले नाहीत.

मी शब्द दिला. दसरा गुरुवारी येत होता. रविवारी बाळापूर, बुधवारी डॉक्टरांची जबलपूरची आगगाडी. सहा महिने हातात होते आणि गाडी घड्याळासारखी चालत होती. आता यात बिघडण्यासारखे काय होते, असे कोणीही विचारील. मी होतो.

मी एका दैनिकात उपसंपादक होतो. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढण्यावर ज्याचे पोट आहे त्याला निर्दोष वस्तू जवळ बाळगता येत नाही. गाडीबरोबर एक मोटारीच्या निगेचे पुस्तक आले होते. त्यात लिहिले होते की प्लग दर दहा हजार मैलांनी बदलावेत. प्लग म्हणजे इंजिनाच्या डोक्यात बसवलेली बोटभर कांडी. तिच्या टोकाला ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटते. डॉक्टरांच्या प्लगांचे मैल मी हिशेबाने काढले. ते चाळीस हजारांच्या पुढे गेले होते. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

सकाळी हा विषय मी फाटकाशी उभा राहून शेजारी खुशालरावांपुढे काढला. खुशालरावांनी तीस वर्षे एका जिनिंग फॅक्टरीत इंजिन सांभाळले होते आणि आमच्या आळीत इंजिनाबद्दलचा शेवटचा शब्द त्यांचा असे. त्यांनी तंबाखू मळत सगळे ऐकून घेतले.

"काहून थांबून राहिले?" ते म्हणाले. "चाळीस हजार मैल मंजे लय झालं. मानसाले बी इतकं चालवत नाई कोनी. बदलून टाका."

खुशालरावांच्या फॅक्टरीतले इंजिन क्रूड तेलावर चालणारे होते आणि तसल्या इंजिनाला प्लग हा भागच नसतो, हे मला पुढे तीन महिन्यांनी समजले. त्यांना ते पहिल्यापासून माहीत होते. पण मी सल्ला इंजिनाबद्दल मागितला आणि इंजिनाबद्दल त्यांनी तो दिला, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यात मला अजूनही चूक काढता आलेली नाही.

मोटारीच्या सामानाचे दुकान कुर्बानभाईंचे. त्यांनी फळीवरून दोन डब्या काढल्या आणि काउंटरवर ठेवल्या. दोन्हींतले प्लग बाहेरून सारखेच होते. फरक असा, की एक जात तापली की उष्णता झटपट सोडून देते. ती लांब रस्त्यावर जोरात पळणाऱ्या गाडीसाठी. दुसरी जात उष्णता धरून ठेवते. हळू आणि थोडे थोडे चालणाऱ्या गाडीत तीच बरी, कारण धरलेल्या उष्णतेने टोकावरची काजळी जळून जाते. हे सगळे कुर्बानभाईंनी मला स्वच्छ समजावून सांगितले. त्यांच्याकडे बोट दाखवायला काही जागा नाही. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला.

"साहेब, गाडी चालते कुठं?"

खरे उत्तर होते: राजापेठेतल्या घरापासून कचेरीपर्यंत दीड मैल, ताशी दहाच्या वेगाने, आणि संध्याकाळी परत. पण दुकानात त्या वेळी आणखी दोन गिऱ्हाइके उभी होती. त्यांतला एक परतवाड्याचा लाकडाचा ठेकेदार होता आणि तो धारणीच्या घाटात चालणाऱ्या त्याच्या ट्रकसाठी पट्टे घेत होता. अशा माणसाच्या देखत दीड मैल कोण सांगेल?

"सगळीकडेच," मी म्हणालो. "नागपूर, अकोला, यवतमाळ. आमच्या धंद्यात पायाला भिंगरी असते."

कुर्बानभाईंनी पहिली डबी माझ्यापुढे सरकवली. घरी आल्यावर खुशालरावांनीही निवडीला मान्यता दिली. वऱ्हाडातला उन्हाळा पाहता उष्णता सोडणारी वस्तूच बरी, असे त्यांचे मत. जुने चारही प्लग मी कचेरीत नेले. टेबलावर पंख्याखाली कागद उडत असत, त्यांवर ठेवायला ते उत्तम होते. तारांची बातमी एकाखाली, स्थानिक एकाखाली, कापसाचे भाव एकाखाली, आणि संपादकांनी परत पाठवलेला मजकूर चौथ्याखाली.

आठ दिवस गाडी ठीक चालली. नवव्या दिवशी ती खोकली.

पहिल्यांदा वाटले पेट्रोलात काही असेल. मग दर पन्नास पावलांवर ती अडखळू लागली, चढावर ढेपाळू लागली आणि थांबली की धूर सोडून मोठा बार काढू लागली. राजकमल चौकात ती बंद पडली तेव्हा बुधाजी टांगेवाल्याने टांगा शेजारी आणून उभा केला आणि घोड्याकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा पाहून विचारले, "जोडू का जी?" त्याचा सूर मनापासून मदतीचा होता, म्हणूनच तो जास्त लागला. त्याच आठवड्यात नगरपालिकेच्या एका दिवंगत सभासदाची शोकसभा होती. मी पोचलो तेव्हा लोक दोन मिनिटे स्तब्ध उभे होते. मी गाडी मैदानाच्या कडेला थांबवली आणि तिने एकापाठोपाठ एक असे तीन बार काढले. पुढच्या रांगेतल्या लोकांना ती सलामी वाटली आणि त्यांनी माना आणखी खाली घातल्या. सभेची बातमी मलाच लिहायची होती. सभा शांततेत पार पडली, असे मी लिहिले. माझ्या नोकरीतले हे एकच वाक्य मला मागे घ्यावेसे वाटते.

प्लग काढून पाहिले तर टोके काजळीने काळीभोर झालेली. पुसून बसवले की चार दिवस बरे, पाचव्या दिवशी पुन्हा खोकला.

"जुने होते तेच परत बसवा की," माझी पत्नी इंदूबाई म्हणाली. ती भाकरी थापत होती आणि तिने मान वर केली नव्हती.

मी तिला पुस्तकातले ते पान वाचून दाखवले. तिने भाकरी उलटली. "पण ती चालत होती ना?" एवढेच ती म्हणाली. मी पुस्तक मिटले. बायकांना यंत्रातले कळत नाही असे त्या काळी माझे मत होते. पुढे ते मी कोणापुढे मांडलेले नाही.

शिवाय जुने परत बसवणे म्हणजे खुशालरावांपासून बुधाजीपर्यंत सर्वांसमोर चूक कबूल करणे. मी मधला मार्ग काढला. जुन्याच जातीचे, पण नवे कोरे प्लग घ्यायचे. कुर्बानभाईंच्या फळीवरची उष्णता धरणाऱ्यांची ती डबी तोवर यवतमाळला गेली होती आणि डॉक्टरांच्या गाडीला बसणारा तो स्क्रूसारख्या जाड आट्यांचा विलायती माल आयात बंद झाल्यापासून येत नव्हता. हवा असेल तर परवान्यासाठी अर्ज करावा लागेल, असे ते म्हणाले. अर्ज म्हटल्यावर मला श्रावण आठवला.

श्रावण आमच्या मागच्या घरात राहायचा. सरकारी कचेरीत हेडक्लार्क होता. त्याच्या घराण्यातला शिकून टेबलाशी बसलेला तो पहिला माणूस, आणि कागदावर त्याची श्रद्धा होती. त्याने माझा अर्ज तीन प्रतींत लिहिला. इतका सुंदर अर्ज मी पाहिलेला नाही. चार प्लगांची गरज वाचताना मलाच भरून आले. एकवीस दिवसांनी एका कार्यालयातून उत्तर आले: अर्जासोबत नमुन्याचा नग जोडलेला नाही, सबब विचार करता येत नाही. श्रावणला आनंद झाला. उत्तर आले म्हणजे फाइल जिवंत आहे, असे तो म्हणाला. मी कचेरीतून कापसाच्या भावांवरचा जुना प्लग उचलून आणला. श्रावणने तो पुठ्ठ्याच्या डबीत घालून लाख लावून पाठवला. पोच आली. नंतर काही आले नाही.

या सगळ्या काळात एक पथ्य मी कडक पाळले. डॉक्टरांना काही कळू द्यायचे नाही. पंचवीस वर्षे जिने एका रोग्याला उशीर होऊ दिला नाही ती गाडी माझ्या हाती तीन महिन्यांत दमेकरी झाली, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? सकाळी त्यांच्या घरापुढून जाताना मी इंजिन बंद करायचो आणि गाडी उतारावरून नुसती घरंगळत न्यायचो. डॉक्टर ओट्यावर बसलेले असत. मी नमस्कार ओरडून म्हणत असे. ते हात वर करत. अमरावतीतल्या कुठल्याही मिस्त्रीकडे मी गाडी नेली नाही. त्यांतला प्रत्येक जण कधी ना कधी डॉक्टरांचा रोगी होता आणि नाडी दाखवता दाखवता बोलला असता.

डॉक्टरांचे सामान बांधणे सुरू झाले. ते ओट्यावरून मला विचारत, रविवार पक्का ना? मी उतारावरून जाता जाता पक्का म्हणत असे.

दसरा पाच दिवसांवर आला तेव्हा मी कुर्बानभाईंकडे जाऊन शरण आलो. त्यांनी अकोल्याच्या इनायतुल्ला मिस्त्रींचे नाव सांगितले. मोर्णेच्या पुलाजवळ त्यांची शेड होती. इंजिन न पाहता नुसते प्लग पाहून ते रोग सांगतात, अशी त्यांची ख्याती. फक्त प्लग जसे निघाले तसेच आणायचे. पुसायचे नाहीत, पालटायचे नाहीत. कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा ते कळले पाहिजे आणि टोकावरची काजळी जशीच्या तशी पाहिजे, कारण सगळे तिच्यातच लिहिलेले असते.

नवमीच्या संध्याकाळी मी आणि श्रावणने चारही प्लग काढले. श्रावणने प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधली: १, २, ३, ४, तारीख, आणि खाली सही. बैठकीत कोनाड्यात वर्तमानपत्रावर ते ओळीने मांडले. माझ्या आयुष्यात एखादा पुरावा इतक्या नीट कधी जपला गेला नव्हता. श्रावण त्याच रात्रीच्या गाडीने घरच्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेला. जाताना तो दोनदा म्हणाला, "शेषराव, हात लावू देऊ नका कोनाले." मी त्याला निर्धास्त जायला सांगितले.

दसऱ्याच्या सकाळी मी उठलो तो उशिरा. अंघोळ करून पूजेला बसलो. आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा असते. पाटावर विळी होती, अडकित्ता होता, शिवणयंत्राची कात्री होती, माझा टाक आणि दौत होती. आणि पुढे, अर्धवर्तुळात, सोन्यासारखे चमकणारे चार प्लग होते. प्रत्येकाला हळदकुंकवाचे बोट आणि झेंडूचे एक एक फूल. चिठ्ठ्या कुठे नव्हत्या.

मी कोनाड्याकडे पाहिले; तो रिकामा होता. मग विचारले, कोणी?

पार्बताबाई आमच्याकडे भांडी घासत. त्या परसदारी राखेचे टोपले आवरत होत्या. चिंच आणि राख लावून, काथ्याने, टोकाच्या फटीत काडी घालून त्यांनी एकेक प्लग घासला होता. इंदूबाईने त्यांना सांगितले होते की आज हत्यारं स्वच्छ हवीत. गाडी तर घरात आणता येत नाही, मग तिची ही चार कोनाड्यातली.

"काळेमिट्ट होते ना जी," पार्बताबाई म्हणाल्या. "देवापुढं ठेवाले तुमालेच लाज वाटली असती. अर्धी चिच गेली मायी."

त्यांना वाटत होते मी खूश होईन. मी पाटासमोर बसलो आणि चार प्लगांना नमस्कार केला. दुसरे काय करणार?

शुक्रवारी सकाळी मी ते कुंकवासकट रुमालात बांधून बडनेऱ्याहून पॅसेंजरने अकोल्याला गेलो. न जाण्यापेक्षा जाणे बरे, एवढाच विचार होता. इनायतुल्ला मिस्त्री साठीचे, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ. त्यांनी रुमाल सोडला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि एकेक प्लग उजेडात धरून फिरवला. शेडमधले काम थांबले. चौथ्या प्लगवर झेंडूची पाकळी चिकटली होती. ती त्यांनी अलगद काढून बाजूला ठेवली.

"साहेब, ये तो नहा-धोके आए," ते म्हणाले. "इनमें मैं क्या पढूँ?"

मी सगळे सांगितले. पुस्तक, मैल, खुशालराव, काजळी, अर्ज, पार्बताबाई. फक्त कुर्बानभाईंच्या दुकानातला तो प्रश्न आणि त्याचे उत्तर राहून गेले. ते आपोआप राहून गेले असे म्हणायला मला आवडेल. मिस्त्रींनी गाडीचा नंबर विचारला. मी सांगितला. त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला.

"ये तो डागदरसाब की गाडी है," ते म्हणाले. "नौ साल मैंने देखी. त्या गाडीचं मला काय विचारता? डागदरसाब से पूछा?"

मी नाही म्हणालो.

"काहून?"

तीस कोसांवरून आलेल्या माणसाला हा प्रश्न फार लहान होता. त्यांनी चारही प्लग रुमालात बांधून परत दिले. पैसे घेतले नाहीत. पाजला तो चहा त्यांचाच होता.

शनिवारी सकाळी मी पाच घरे चालत गेलो. डॉक्टरांच्या बैठकीत ट्रंका बांधून ठेवल्या होत्या. ते एका पेटीवर बसले होते. मी बसलो, हवापाण्याचे बोललो आणि मग म्हणालो की गाडीबद्दल जरा विचारायचे होते.

"ये," डॉक्टर म्हणाले. "भाद्रपदापासून वाट पाहतो आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अरे, सकाळी पावणेअकराला जी गाडी माझ्या घरासमोरून काही न बोलता जाते, ती आजारी असणारच. आणि संध्याकाळी चढावर तुला ती बंद करता येत नाही. पहिलं आणि तिसरं सिलिंडर रोज ठिणगी चुकून मार खातं. ऐकतो मी."

मग त्यांनी माझी तपासणी केली. रोग्याची करतात तशीच. प्लग कधी बदलले, कुठले घेतले, काजळी कोरडी की ओली. शेवटी म्हणाले, "दुकानदारानं विचारलं असेल, गाडी कुठं चालते. तू काय सांगितलंस?"

बैठकीत आम्ही दोघेच होतो. ट्रक नव्हता, ठेकेदार नव्हता. तरीही ते सांगायला मला वेळ लागला.

"नागपूर, अकोला, यवतमाळ."

"आणि चालते कुठं?"

"घर ते कचेरी. दीड मैल."

डॉक्टर हसले नाहीत. "मीही खेडोपाडी हळूच हिंडलो," ते म्हणाले. "गाडीवाटेनं, बैलांच्या मागून. म्हणून धरून ठेवणारे घातले होते, आणि ते अजून दहा वर्षं मेले नसते. रोगी काय खातो ते खोटं सांगतो, मग मी काय औषध देणार? जुने कुठं आहेत?"

तीन माझ्या टेबलावर होते. तास-दीड तासात मी ते घेऊन आलो, त्यामुळे त्या दिवशी कचेरीत तारांची बातमी आणि स्थानिक बातमी पंख्याने एक करून टाकली. चौथा एका कार्यालयाच्या फाइलीत, लाखेच्या मोहरेखाली, विचाराधीन होता. श्रावण सकाळीच नागपूरहून परतला होता. त्याला मी तो सोडवता येईल का विचारले. तो म्हणाला, नमुना परत मागण्याचा अर्ज वेगळा असतो, आणि दसरा-दिवाळीच्या सुट्ट्यांत शक्य नाही. प्लग घासले गेल्याचे ऐकून तो खिन्न झाला होता. त्याला चिठ्ठ्यांचे जास्त वाईट वाटले होते.

डॉक्टरांनी बांधलेल्या ट्रंकांपैकी तिसरी उघडायला लावली. तळाशी त्यांची जुनी औषधांची बॅग होती. तिच्यात त्यांनी हाताने चाचपून एक कापसाची गुंडाळी काढली. आत एक प्लग होता. बाळंतपणाला जाताना वाटेत एखादा मेला तर, म्हणून एक जास्तीचा ते कायम जवळ ठेवत.

"हा जबलपूरला कशाला नेत होतात?" मी विचारले.

"सोळा वर्षं बॅगेत आहे. सोबत म्हणून," ते म्हणाले.

मग त्यांनी पोस्टकार्ड मागितले. टोकाच्या दोन तारांमधली फट केवढी असावी ते पुस्तकात इंचाच्या हजारांशात दिले आहे. डॉक्टरांनी कार्ड मध्ये दुमडले, ती दुहेरी घडी फटीत घातली आणि तार हलकेच ठोकून घडीवर टेकवली. डोळे मिटूनच ते हे करत होते. घडी घासत निघाली पाहिजे, अडकता कामा नये, एवढेच. चारही प्लग झाले. डॉक्टरांना हाताला धरून मी माझ्या घरापुढे गाडीपाशी आणले, प्लग बसवले आणि हँडल मारले. पहिल्याच फेरीला गाडी चालू झाली. डॉक्टरांनी गळ्यात अडकवलेली नळी कानाला लावून तिचे टोक इंजिनावर चार ठिकाणी ठेवले आणि शेवटी मान हलवली. फाटकाशी उभे असलेले खुशालराव म्हणाले, "म्या मनलंच होतं, प्लगच असन."

रविवारी सहाला आम्ही निघालो. मूर्तिजापूरला चहा घेतला. अकोल्याला मोर्णेच्या पुलाजवळ इनायतुल्ला मिस्त्री रस्त्यावर उभेच होते. कसे कळले देव जाणे. त्यांनी डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग गाडी बंद करवून, गरम इंजिनातला तिसरा प्लग काढून, फडक्यात धरून पाहिला.

"रंग?" डॉक्टरांनी विचारले.

"बिस्कुट जैसा, डागदरसाब."

"मग ठीक आहे."

साडेदहाला बाळापुरात नदीकाठी पोचलो. डॉक्टर उतरले, थोडे चालले, थांबले. छत्री त्यांच्यासमोर वीस पावलांवर उभी होती. मी विचारले, दिसते का? ते म्हणाले, तिथे काहीतरी मोठे आहे. मग पुढे जाऊन त्यांनी एका खांबावर हात ठेवला. पायरीवर बसले ते शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. मी गाडी बंद करायला वळलो तर म्हणाले, "राहू दे चालू. त्या दिवशीही चालूच होती. बंद केली तर पुन्हा चालू होईल की नाही, याची मला खात्री नव्हती. आणि शेजारी बसलेली ही मला हसत होती."

गाडी वीस मिनिटे उभ्या उभ्या चालत होती. एकदाही खोकली नाही. डॉक्टर नदीकडे तोंड करून बसले होते आणि ऐकत होते. मी पेट्रोलचा हिशेब केला नाही.

बुधवारी ते गेले.

नमुन्याचा प्लग १९६३ साली मार्चमध्ये परत आला. लाख शाबूत होती, तरी आत एक कागद होता: नमुना तपासला असता तो वापरण्यायोग्य असल्याचे आढळून आले आहे, सबब नवीन नगांच्या आयातीची आवश्यकता दिसत नाही. श्रावणने तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, पाहा, न्याय मिळतो, फक्त वेळ लागतो. खुशालरावांनी तो प्लग विहिरीच्या ओळंब्याला वजन म्हणून मागितला. मी दिला नाही. दसऱ्याला पाटावर तो आम्ही न घासता, तसाच ठेवतो. पार्बताबाईंना ते शेवटपर्यंत पटले नाही. पूजेच्या वेळी त्या दुसरीकडे पाहत.

जबलपूरहून डॉक्टरांची कार्डे येत. डोळ्यांमुळे अक्षर मोठे, एका कार्डावर दहा-बारा शब्दच मावत. प्रत्येक कार्डाने मी एकदा तरी प्लगांची फट मापली, म्हणून प्रत्येकाच्या मध्ये एक घडी आहे आणि घडीवर तेलाचा काळा डाग. गाडी १९६८ साली गेली. कार्डे आहेत. ६५ सालचे शेवटचे, त्याच्यावर एवढेच आहे: 'प्लगचा रंग कळव. गाडी कुठे चालते तेही. खरे कळव.'